मराठी घरातला नाताळ: करंजी, कीर्तन आणि कागदी तारा

१/
डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावातही लाल टोप्या आणि प्लॅस्टिकची छोटी झाडे विकायला येतात. बालवाडीतली मुले कापसाची दाढी लावून घरी परततात. त्यामुळे एक समज पक्का झाला आहे: मराठी मुलुखात नाताळ आणला तो दूरचित्रवाणीने आणि बाजाराने. इतिहास मात्र वेगळे सांगतो. #थ्रेड

२/
मराठी बोलणाऱ्या घरांत हा सण चारशे वर्षांहून अधिक काळ साजरा होत आहे. त्याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. ज्या मिशनऱ्यांनी देशावर आणि मराठवाड्यात ख्रिस्ती धर्म आणला, त्यांतल्या अनेकांच्या स्वतःच्या परंपरेत नाताळ साजरा करणेच बसत नव्हते. मग मराठी ख्रिस्ती मुलांना हा सण दिला कोणी?

३/
सुरुवात शब्दापासून करू. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज ‘नाताल’पासून आला, त्याच्या मुळाशी जन्म या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. पाव, बटाटा, चावी, पगार हे शब्द ज्या वाटेने मराठीत आले, त्याच वाटेने हाही आला. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई पोर्तुगिजांना दिली. गोवा त्याआधीच त्यांच्या ताब्यात होता.

४/
पोर्तुगीज सत्तेने बळजोरीही केली आणि देवळेही पाडली. ते विसरून चालणार नाही. पण त्याच काळात थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि त्याने मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. ख्रिस्तजन्माची कथा मराठी श्रोत्यांपुढे पुराणाच्या रूपात आली.

५/
ओवी निवडण्याला अर्थ होता. जात्यावर दळताना, मूल झोपवताना बायकांच्या ओठी असलेला हा छंद. मांडीवरच्या मुलाला जी लय आधीच ठाऊक होती, तीच लय बेथलेहेमच्या गोठ्याची गोष्ट सांगू लागली. परका प्रसंग ओळखीच्या चालीत आला की घरात शिरायला त्याला फार वेळ लागत नाही.

६/
१७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज गेले, वसईतली ख्रिस्ती कुटुंबे मात्र राहिली, त्यांची बोली राहिली आणि ‘नाताळ’ हा शब्दही राहिला. राज्यकर्त्यांचा आश्रय संपल्यावर सण टिकतो तो कुटुंबांच्या बळावर. वसई पट्ट्यातला नाताळ पुढे असाच पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

७/
गोवा आणि वसईच्या घरांत डिसेंबरचे काम मुलांनाही वाटून दिलेले असते. बांबूच्या कामट्या आणि रंगीत कागदाचा तारा, माती-गवताचा गोठा, त्यात मेंढरे आणि बाळ येशू. कणीक किंवा मैद्याचे गोळे काट्यावर अथवा कंगव्यावर दाबून गुंडाळायचे ‘कलकल’ तर चिमुकल्या बोटांसाठीच जन्मले असावेत. गोव्यात करंजीला नेवरी म्हणतात. नाताळच्या ताटात ती असतेच.

८/
गोठा मांडण्याची प्रथा युरोपात लोकप्रिय होण्याचे श्रेय असिसीच्या संत फ्रान्सिसला दिले जाते. १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी त्याने खरे बैल आणि गाढव आणून जन्माचा देखावा उभा केला, असे त्याच्या चरित्रात येते. अक्षर न येणाऱ्यालाही कथा डोळ्यांनी कळावी, ही त्या देखाव्याची ताकद. ती मुलांनाही तितकीच लागू पडते.

९/
आता घाट चढून देशावर येऊ. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये अहमदनगरला केंद्र सुरू झाले. हे मिशनरी न्यू इंग्लंडच्या प्युरिटन परंपरेतले. त्या परंपरेत नाताळला बायबलचा आधार नाही, तो निव्वळ मौजमजेचा दिवस, असे मानले जाई. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. तिथे या दिवशी सार्वजनिक सुटी मिळायला १८५६ उजाडले.

१०/
मराठवाड्यातही तीच गत. जालन्याला काम करणारे नारायण शेषाद्री हे १८४३ मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनकडून बाप्तिस्मा घेतलेले. जालन्याजवळ त्यांनी ‘बेथेल’ ही ख्रिस्ती वसाहत उभारली. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन चर्चलाही नाताळ मान्य नव्हता; त्या देशात नाताळची सार्वजनिक सुटी १९५८ मध्ये सुरू झाली. म्हणजे नगर आणि जालना, दोन्हींकडे आलेल्या वारशात हा सण नव्हता.

११/
कळमनुरीपासून जवळच असलेल्या हिंगोलीला एकोणिसाव्या शतकात हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होती. छावण्यांतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांचा नाताळ हिंदुस्थानीत ‘बडा दिन’ म्हणून ओळखला जाई. त्या दिवशी साहेबाला फळाफुलांची ‘डाली’ देण्याची रीत होती. १९०३ मध्ये ही छावणी उठली. हा नाताळ बंगल्याच्या व्हरांड्यावरचा. नेटिवांच्या मुलांनी तो फाटकाबाहेरून पाहायचा.

१२/
जगातही नाताळ मुलांचा आणि घराचा सण झाला तो फार उशिरा. डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरोल’ १८४३ ची. राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे सजवलेल्या झाडाभोवतीचे चित्र १८४८ मध्ये लंडनच्या साप्ताहिकात छापले गेले, आणि जर्मन रीतीचे झाड इंग्रज घरांत पोहोचले. त्याआधी नाताळ म्हणजे बव्हंशी प्रौढांची मेजवानी आणि रस्त्यावरचा गोंधळ. अमेरिकन चर्चचा विरोधही याच दशकांत मावळत गेला.

१३/
म्हणून एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. नगरची नवख्रिस्ती कुटुंबे आणि बॉस्टनची जुनी ख्रिस्ती कुटुंबे, दोघेही मुलांचा घरगुती नाताळ साधारण एकाच काळात शिकत होती. ‘त्यांचा जुना, आपला उसना’ हा हिशेब इथे जुळत नाही.

१४/
नगरच्या घरांपुढचा प्रश्न मात्र बॉस्टनपेक्षा कठीण होता. धर्मांतर केलेल्या माणसाचे नातलग तुटत, पंगत तुटे. त्याहून खोल जखम मुलांची. नागपंचमीचा झोका, दिवाळीचा किल्ला, संक्रांतीचा तिळगूळ, शेजारचे सगळे सण चालू आणि आपले दार बंद. प्रौढ माणूस श्रद्धेपायी वर्षाचे पंचांग सोडू शकतो. पाच वर्षांच्या मुलाला ते कसे समजवायचे?

१५/
या तुटण्याची सर्वात जिवंत नोंद लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त आहे. कवी ना. वा. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन काही वर्षे नातलगांकडे राहिल्या. पुढे नगरला पतीकडे आल्या तरी सोवळे सुटेना. १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. एका घरात दोन धर्म आणि मध्ये एक मूल, अशी ती वर्षे होती.

१६/
अशा घरांनी वाट काढली ती आधी स्वयंपाकघरातून. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, लाडू हे दिवाळीचे जिन्नस नाताळच्या फराळाला आले. धर्मपीठाला जे ठरवता आले नसते, ते कढईने ठरवले. हाताला सवय होतीच; बदलली फक्त तारीख. फराळाचे ताट शेजारी पाठवण्याची रीतही तशीच राहिली. धर्मांतराने तुटलेल्या गल्लीत हे झाकलेले ताट पुन्हा जा-ये करू लागले, तर ती छोटी गोष्ट नव्हे.

१७/
दुसरी वाट गाण्याची. नगरच्या मिशनमध्ये कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी कीर्तनाचा साज ख्रिस्ती कथेला चढवला. टिळकांनी भजने, अभंग लिहिले. मराठी चर्चच्या ‘उपासना संगीता’त त्यांची पदे आजही गायली जातात. हा साज मूळचा वारकऱ्यांचा. कीर्तनाची परंपरा ज्या नामदेवांशी जोडली जाते, त्यांचे नरसी गाव कळमनुरीच्याच हिंगोली जिल्ह्यात आहे. जालना-नगरच्या नाताळातल्या टाळांचा नाद असा कयाधूच्या काठापर्यंत मागे नेता येतो.

१८/
तिसरी वाट वाचनाची. १८७० च्या दशकात अमेरिकन मिशनने ‘बालबोधमेवा’ हे मुलांचे मासिक सुरू केले. मराठीतल्या आरंभीच्या बालमासिकांत त्याची गणना होते. टिळकांनी काही काळ त्याचे संपादन केले. ‘फुलामुलांचे कवी’ ही त्यांची ओळख याच वृत्तीतून आली. त्यांच्या नगरच्या घरी ठोमरे नावाचा एक मुलगाही राहिला, लक्ष्मीबाईंनी त्याला माया लावली. तोच पुढे ‘बालकवी’ म्हणून महाराष्ट्राला ठाऊक झाला.

१९/
ज्यांना घरच नव्हते त्यांचे काय? १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मराठवाड्यासह दख्खनमध्ये असंख्य मुले पोरकी केली. नगरची मिशन वसतिगृहे, केडगावचे पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन अशा ठिकाणी ती आली. त्यांच्यासाठी सण म्हणजे आधी पोटभर जेवण. या मुलांच्या आश्रयाला धर्मांतराची सावली होती, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो इतिहासाचा भाग आहे. मूल जगले, हेही इतिहासच आहे.

२०/
‘परका सण’ हा शिक्का मात्र पुसता पुसला गेला नाही. जानेवारी २०२० मध्ये मराठवाड्यातच, उस्मानाबादला, ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांच्या निवडीला धर्मावरून विरोध झाला. चारशे वर्षे मराठीत प्रार्थना करणाऱ्या समाजालाही आपले मराठीपण पुन्हा सिद्ध करावे लागले.

२१/
कोणताही सण आपला होतो तो मुलांच्या हातून. गोठ्यावर बर्फ दाखवायला मुले कापूस पसरतात. मराठवाड्यात ऐन त्याच दिवसांत शेतात कापसाची वेचणी चालू असते. न पाहिलेल्या बर्फाची जागा अंगणातल्या कापसाने घेतली, यात उसनवारी किती आणि रुजणे किती, हे ज्याने त्याने ठरवावे.

२२/
बाजारातली लाल टोपी एका आठवड्यात फाटते. कामट्यांचा तारा, काट्यावर वळलेले कलकल, शेजारी पोहोचलेले ताट आणि झोपताना ऐकलेली ओवी मात्र मुलाच्या आठवणीत राहतात. मराठी नाताळचा खरा दप्तरखाना तोच. घरातल्या आजी-आजोबांना त्यांच्या लहानपणचा नाताळ, दिवाळी, ईद कशी असे ते विचारावे आणि लिहून ठेवावे. पुढचा इतिहास त्यातूनच लिहिला जाईल.

(समाप्त)