घंटा वाजली, पण चोर कुठे आहे?

बोस्टनजवळच्या सोमरव्हिलचे धर्मोपदेशक ऑगस्टस रसेल पोप यांनी १८५३ साली विजेवर चालणाऱ्या चोरघंटेचं पेटंट घेतलं. दारं-खिडक्या तारांनी जोडलेल्या. त्यातलं एखादं उघडलं की विजेचा प्रवाह सुरू होई आणि विद्युतचुंबकाच्या ओढीने हातोडी घंटेवर आपटत राही. चोराने दचकून दार पुन्हा लोटलं तरी घंटा थांबत नसे. युक्ती नामी होती. मात्र दार उघडलं, एवढंच त्या तारेला कळायचं. उघडणारा चोर की उशिरा परतलेला घरमालक, याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं.

पोप यांचे हक्क एडविन होम्स यांनी १८५७ साली विकत घेतले आणि दोन वर्षांनी आपलं बस्तान न्यूयॉर्कला हलवलं. घरातली घंटा घरातल्यांना उठवी. रात्री रिकाम्या राहणाऱ्या दुकानांचं आणि बँकांचं काय? त्यांच्या तारा होम्स यांनी एका मध्यवर्ती कचेरीत आणून सोडल्या. तिथे रात्रभर माणूस जागा असे आणि खूण मिळाली की पाहणीसाठी आपलाच गडी धाडला जाई. बोस्टनमध्ये तर १८७७ साली याच तारांवर दिवसा टेलिफोन आणि रात्री चोरांवर पहारा असा दुहेरी कारभार चालला. या व्यवस्थेतली खरी गोम पैशाची होती. खोट्या हाकेची फेरी कंपनीच्याच अंगावर पडायची.

विसाव्या शतकात यंत्रं स्वस्त झाली आणि हा हिशोब बिघडला. सामान्य घरांत अलार्म आले, ध्वनिलहरींवर आणि नंतर अवरक्त किरणांवर हालचाल टिपणारे सेन्सर आले. काही यंत्रं टेपवर भरलेला निरोप थेट पोलिसांच्या फोनवर वाजवू लागली. आता फुकट फेरी पोलिसांची! हीटरची गरम हवा, हलणारा पडदा, मांजर, वाढदिवसानंतर छताला तरंगत राहिलेला फुगा, कशानेही सेन्सर फसे. तरी जास्त दोष माणसांचाच. कोड विसरलेला, मागचं दार नीट न लावलेलं, सफाईला येणाऱ्या बाईला काहीच न सांगितलेलं. अमेरिकेतल्या पाहण्यांनुसार पोलिसांकडे येणाऱ्या अलार्मच्या हाकांपैकी ९४ ते ९९ टक्के खोट्या निघत.

शहरांनी परवाने आणि दंड आणले. उद्योगाने आपल्या बाजूने यंत्रच सुधारलं. २००० च्या सुमारास अमेरिकेत कंट्रोल पॅनेलसाठी एक मानक ठरलं. घराबाहेर पडायला पुरेसा वेळ, विसरलेली किल्ली घ्यायला मालक परत आत आला तर तो वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजणं, चुकून वाजलं तर रद्द करायला काही सेकंदांची सवड, आणि एकच सेन्सर वारंवार ओरडू लागला तर त्याला गप्प बसवणं, अशा साध्यासुध्या तरतुदी त्यात होत्या. शिवाय देखरेख केंद्राने आधी घरी आणि तिथे कुणी उचललं नाही तर मालकाच्या दुसऱ्या नंबरवर फोन करायचा, मगच पोलिसांना कळवायचं, ही पद्धत रुळली. फ्लोरिडाने तर फोनवर खात्री करून घेणं कायद्यातच घातलं.

ब्रिटनच्या पोलिसांनी दुसरी वाट धरली. एकाच सेन्सरच्या सांगण्यावर जायचं नाही. दुसऱ्याचीही साक्ष हवी, नाहीतर चित्र किंवा आवाज तरी हवा. खोट्या हाका वारंवार झाल्या की त्या जागेला पोलिसांची सेवाच बंद. हे कठोर वाटतं, पण दंडापेक्षा परिणामकारक असणार: दंड भरून मोकळं होता येतं, सेवा गेली की मालकाला यंत्र दुरुस्त करावंच लागतं.

अमेरिकेत सर्वांत धाडसी पावलांपैकी एक सॉल्ट लेक सिटीने टाकलं. डिसेंबर २००० पासून तिथे घरफोडीचा अलार्म वाजला की आधी खाजगी रखवालदाराने किंवा अन्य कुणी जागेवर खात्री करायची, गडबड दिसली तरच पोलीस येणार. अलार्म कंपन्यांनी बराच आरडाओरडा केला. त्यांच्या गिऱ्हाइकांना विकलेली मुख्य गोष्ट म्हणजे पोलीस येतील हा भरवसाच होता. तरीही नियम टिकला आणि पोलिसांकडे येणाऱ्या अशा हाका सुमारे ९० टक्क्यांनी घटल्या. दरोड्याच्या वेळी दाबायच्या बटणाला मात्र या नियमातून वगळलं होतं. ते बटण माणूस स्वतः दाबतो, म्हणून त्यावर पोलीस पूर्वीसारखेच थेट निघत राहिले.