ऑस्करला भारताचा सिनेमा कोण निवडतं? मराठीचे तीन, कन्नडचा शून्य आणि सीमाभागानं समजून घ्यायचे नियम

दरवर्षी सप्टेंबरमध्ये एक बातमी येते: ‘यंदा ऑस्करसाठी भारताकडून अमुक चित्रपट.’ त्यानंतर दोन दिवस वाद ठरलेलाच. बिदर, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यात हा वाद दुहेरी असतो, कारण इथं एकाच घरात मराठी आणि कन्नड दोन्ही पिक्चर बघितले जातात. एक जण विचारतो, ‘सैराट’ का नाही गेला? दुसरा विचारतो, ‘कांतारा’ का नाही गेला? शेवटी ‘सरकारला आपली किंमत नाही’ म्हणून विषय मिटतो.

पण मुळात सरकार हा सिनेमा निवडतच नाही. मग कोण निवडतं, कोणत्या नियमानं, आणि आपल्या भाषांच्या वाट्याला आजवर काय आलं, हे एकदा नीट बघू.

थोडक्यात

- ‘आंतरराष्ट्रीय चित्रपट’ या विभागात एका देशाकडून एकच प्रवेशिका जाते. २०१९ पर्यंत याच विभागाला ‘परभाषी चित्रपट’ म्हणत.
- भारताची प्रवेशिका फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया (एफएफआय) ठरवते.
- आजवर तीनच भारतीय प्रवेशिकांना नामांकन मिळालं: ‘मदर इंडिया’ (१९५७), ‘सलाम बॉम्बे’ (१९८८) आणि ‘लगान’ (२००१). या विभागातला पुरस्कार भारताला अजून मिळालेला नाही.
- मराठीतून तीन चित्रपट गेले: ‘श्वास’ (२००४), ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९), ‘कोर्ट’ (२०१५).
- कन्नडमधून एकही नाही.

निवड कोण करतं?

एफएफआय ही १९५१ साली स्थापन झालेली निर्माते, वितरक, थिएटरवाले यांच्या संघटनांची शिखर संस्था. म्हणजे ही व्यापारी संघटना आहे, केंद्र सरकारचं खातं नव्हे. ती दरवर्षी निर्मात्यांकडून अर्ज मागवते. अर्जाला फी असते. ज्यानं अर्ज केला, फी भरली, त्याचाच सिनेमा ज्युरीपुढं जातो. ज्युरी स्वतः उठून वर्षभरातले सगळे सिनेमे शोधत बसत नाही. ‘अमुक सिनेमाला डावललं’ म्हणण्याआधी त्याचा अर्ज गेला होता का, हे बघायला पाहिजे.

ज्युरीत दिग्दर्शक, लेखक, संकलक, छायालेखक अशी वेगवेगळ्या भाषांतली मंडळी असतात. निवड समितीत किमान निम्मे सदस्य प्रत्यक्ष सिनेमा बनवणारे असावेत, अशी ऑस्कर देणाऱ्या अमेरिकेतल्या अकादमीची अट आहे. आलेले सिनेमे ज्युरी सलग काही दिवस बघते, चर्चा करते आणि एक नाव जाहीर करते. २०२४ साली २९ चित्रपटांतून ‘लापता लेडीज’ निवडला गेला. २०२५ साली २४ चित्रपटांतून नीरज घायवान यांचा ‘होमबाउंड’. त्या वर्षी ‘स्थळ’ आणि ‘साबर बोंडं’ हे मराठी चित्रपटही स्पर्धेत होते. ‘साबर बोंडं’ला त्याच वर्षी अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवाचा मोठा पुरस्कार मिळालेला होता, तरी निवड झाली नाही.

कोणता सिनेमा पात्र ठरतो?

नियम फार अवघड नाहीत:

- लांबी ४० मिनिटांपेक्षा जास्त हवी आणि निर्मिती अमेरिकेबाहेरची हवी.
- निम्म्याहून जास्त संवाद इंग्रजी सोडून इतर भाषांत हवेत. इंग्रजी सबटायटल सक्तीचे.
- ठरलेल्या मुदतीत थिएटरमध्ये तिकीट लावून सलग किमान ७ दिवस चाललेला हवा.
- सिनेमाची कलात्मक सूत्रं पाठवणाऱ्या देशातल्या लोकांच्या हाती असायला हवीत.

यात राज्याचा उल्लेख कुठंच नाही. कोणत्या भाषेचा सिनेमा कोणत्या राज्यातून यावा, असं काही नाही. एका देशाची म्हणून एकच भाषा, असंही नाही. दीपा मेहतांचा ‘वॉटर’ हिंदीत होता, पण तो कॅनडाचा अधिकृत सिनेमा म्हणून गेला आणि त्याला २००७ साली नामांकन मिळालं. संध्या सुरींचा ‘संतोष’ हिंदीत आहे, तो २०२४ साली ब्रिटनकडून गेला आणि शेवटच्या १५ मध्ये पोचला. उलट २०१९ साली नायजेरियाचा ‘लायनहार्ट’ बाद झाला, कारण त्यातले बहुतेक संवाद इंग्रजीत होते.

म्हणजे आपल्याकडं एकाच वाक्यात मराठी, कन्नड आणि दखनी बोलणारं पात्र असलं तर नियमाची काही अडचण नाही. ‘कोर्ट’मध्ये मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी अशा चार भाषा आहेत.

मराठीचे तीन चित्रपट

*श्वास (२००४).* दिग्दर्शक संदीप सावंत. कोकणातले आजोबा नातवाला पुण्यातल्या दवाखान्यात आणतात. डोळ्यांच्या कॅन्सरमुळं त्याची दृष्टी जाणार असते. ऑपरेशनआधी त्याला जग एकदा डोळे भरून दाखवायचं, एवढीच गोष्ट. अरुण नलावडे आणि अश्विन चितळे यांची कामं अजून आठवतात. ‘श्यामची आई’नंतर अर्ध्या शतकानं राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मराठीला याच सिनेमानं मिळवून दिला. (‘श्यामची आई’ १९५३ चा. ऑस्करचा हा विभाग १९५६ साली सुरू झाला.)

‘श्वास’ निवडला गेला तेव्हा खरी परीक्षा सुरू झाली. अमेरिकेत जाऊन प्रचार करायला पैसे नव्हते. मग शाळकरी पोरांपासून नाटक मंडळी, देवस्थानं, सरकारपर्यंत अनेकांनी मदत केली. सिनेमा नामांकनापर्यंत पोचला नाही, पण निवड झाल्यावरचा खर्च किती मोठा असतो, हे मराठी माणसाला पहिल्यांदा कळलं.

*हरिश्चंद्राची फॅक्टरी (२००९).* दिग्दर्शक परेश मोकाशी. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ कसा बनवला, त्याची हसतखेळत सांगितलेली गोष्ट. फाळके झाले नंदू माधव. गंमत म्हणजे निवड सप्टेंबर २००९ मध्ये झाली आणि महाराष्ट्रभर सिनेमा लागला जानेवारी २०१० मध्ये.

*कोर्ट (२०१५).* दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे. एका सफाई कामगाराच्या मृत्यूला त्याचं गाणं कारण ठरलं, असा आरोप ठेवून म्हाताऱ्या लोकशाहिराला अटक होते. मग तारखा, तारखा आणि तारखा. शाहिराची भूमिका वीरा साथीदार यांनी केली. २०२१ साली कोरोनानं ते गेले. व्हेनिस महोत्सवात या सिनेमाला २०१४ साली दोन पुरस्कार मिळाले होते, नंतर राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

तिन्ही सिनेमांत मोठा स्टार नाही, आणि तिन्ही नव्या दिग्दर्शकांचे पहिले चित्रपट.

अध्यक्ष आपल्या भाषेचा असला तर फायदा होतो का?

हा प्रश्न सीमाभागात हमखास येतो, म्हणून नोंदीच बघू.

२०१५ साली ज्युरीचे अध्यक्ष अमोल पालेकर होते आणि निवडला गेला मराठी ‘कोर्ट’. इथवर शंका घेणाऱ्याला आधार मिळतो. पण २०२२ साली अध्यक्ष होते कन्नड दिग्दर्शक टी. एस. नागाभरण, निवडला गेला गुजराती ‘छेल्लो शो’. २०२३ साली अध्यक्ष कन्नडचेच ज्येष्ठ दिग्दर्शक गिरीश कासरवळ्ळी, निवडला गेला मल्याळम ‘२०१८’. २०२५ साली अध्यक्ष एन. चंद्रा, म्हणजे मराठी माणूस, आणि निवडला गेला हिंदी ‘होमबाउंड’. त्याचे दिग्दर्शक घायवान हे हैदराबादेत वाढलेले मराठी, म्हणजे जुन्या निजामी मुलखाशी आपल्यासारखंच नातं असलेले.

तेव्हा ‘आपला माणूस वर बसला की आपलं काम झालं’ हा हिशेब इथं जुळत नाही. कन्नडचा शून्य हा सुद्धा कन्नड सिनेमाचा दर्जा नाही. ‘संस्कार’, ‘घटश्राद्ध’ हे भारतीय सिनेमातले मैलाचे दगड कन्नडच आहेत. पण देशात वीसेक भाषांत सिनेमा बनतो आणि जागा एकच. कुणाच्या तरी वाट्याला शून्य येणारच.

वाद का होतात?

तीन उदाहरणं पुरेत.

*२०१३:* मुंबईच्या डबेवाल्यांच्या पार्श्वभूमीवरचा ‘द लंचबॉक्स’ परदेशात गाजत होता, वितरकही मिळाला होता. निवडला गेला गुजराती ‘द गुड रोड’. तो पुढं गेला नाही.

*२०२२:* सगळ्यांना ‘आरआरआर’ जाणार असं वाटत होतं. गेला ‘छेल्लो शो’, आणि तो शेवटच्या १५ मध्ये पोचला. ‘आरआरआर’वाल्यांनी स्वतंत्रपणे इतर विभागांत अर्ज केला आणि ‘नाटू नाटू’ला २०२३ साली गाण्याचा ऑस्कर मिळाला. दोन्ही बाजूंचं बरोबर निघालं, असं हे एकच साल.

*२०२४:* पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’ला कान महोत्सवात ग्रां प्री मिळाला होता. त्याऐवजी ‘लापता लेडीज’ गेला. ज्युरीला पायल यांचा सिनेमा भारतात घडणारा युरोपियन सिनेमा वाटला, असं एफएफआयच्या अध्यक्षांनी सांगितलं. तेरा जणांच्या ज्युरीत एकही बाई नव्हती, यावरही टीका झाली. ‘लापता लेडीज’ पहिल्या १५ मध्ये आला नाही. आपल्यासाठी लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे दोन्ही सिनेमांत छाया कदम आहेत: एकात स्टेशनवर चहाचा स्टॉल चालवणारी मंजू माई, दुसऱ्यात मुंबईतलं घर सुटल्यावर रत्नागिरीला परतणारी पार्वती.

या वादांच्या मुळाशी एकच गोंधळ आहे. ‘भारतातला सगळ्यात चांगला सिनेमा’ आणि ‘परदेशी मतदारांपर्यंत पोचू शकेल असा सिनेमा’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ज्युरी कधी पहिल्याचं उत्तर देते, कधी दुसऱ्याचं. नेमका कोणता प्रश्न सोडवतोय, हे आधी जाहीर होत नाही. ते जाहीर झालं, तर निम्मी भांडणं कमी होतील.

निवडीनंतरचा हिशेब

कॉमर्सच्या भाषेत सांगायचं तर निवड म्हणजे फक्त दुकानाचं लायसन, धंदा पुढंच आहे. ८० हून जास्त देश एकेक सिनेमा पाठवतात. अकादमीचे सदस्य ते बघून १५ निवडतात, त्यातून ५, मग १. हे सदस्य जगभर पसरलेले आहेत. सिनेमा त्यांनी बघावा म्हणून खास खेळ, जाहिराती, प्रचारक, प्रवास असा खर्च असतो. तिकडचा वितरक बरोबर असेल तर त्यातला मोठा भार तो उचलतो. आशुतोष गोवारीकरांच्या ‘लगान’च्या पाठीशी सोनीची कंपनी होती आणि टीम लॉस एंजेलिसला मुक्काम ठोकून होती. ‘श्वास’ला वर्गणी काढावी लागली. ‘होमबाउंड’ १५ मध्ये पोचला, पण शेवटच्या ५ मध्ये गेला नाही.

‘ऑस्करच्या यादीत’ अशी पोस्ट आली तर

जानेवारीत व्हॉट्सअॅपवर अशा पोस्टचा पूर येतो. चार शब्द वेगळे ठेवा:

- *पात्र यादी:* ठरलेल्या अटी पूर्ण केलेले शेकडो सिनेमे. जानेवारी २०२३ च्या ३०१ चित्रपटांच्या यादीत ‘कांतारा’, ‘विक्रांत रोणा’ आणि मराठी ‘मी वसंतराव’ही होते. याचा अर्थ नामांकन नव्हे.
- *प्रवेशिका:* देशानं पाठवलेला एक सिनेमा.
- *शॉर्टलिस्ट:* निवडक १५.
- *नामांकन:* शेवटचे ५.

दुसरी दारंही आहेत

देशाच्या प्रवेशिकेशिवायही ऑस्करला जाता येतं. कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी १९८३ साली ऑस्कर मिळाला. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. शॉर्टफिल्मसाठी ठराविक महोत्सवांत पुरस्कार मिळाला तरी थेट पात्रता मिळते. चिदानंद नाईक यांची कन्नड शॉर्टफिल्म ‘सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टू नो’ ही पुण्याच्या एफटीआयआयमध्ये बनली, २०२४ साली कानच्या विद्यार्थी विभागात पहिली आली आणि तिथून ऑस्करसाठी पात्र ठरली. मैसूरचा दिग्दर्शक, कन्नड भाषा, पुण्याची संस्था. सीमा वाद घालणाऱ्यांना हे एकच उदाहरण बास आहे.

आपल्या भागातून सिनेमा करायचा असेल तर

कॅमेरा घेऊन फिरणारी पोरं आता बिदर-कलबुर्गीतही आहेत. त्यांनी एवढं पक्कं धरावं: सेन्सॉर सर्टिफिकेट वेळेत घ्या. थिएटरचे ७ दिवस मुदतीच्या आत बसवा आणि त्याचे कागद जपून ठेवा. सबटायटल शेवटच्या रात्री उरकू नका, कारण परदेशी मतदाराला तुमची भाषा तेवढीच दिसणार आहे. एफएफआयची अर्जाची सूचना साधारण ऑगस्टपासून बघत राहा. आणि सिनेमा मराठी की कन्नड, या प्रश्नावर अडकू नका. मराठी पिक्चर बघायला आपली माणसं उदगीर, लातूर, सोलापूर गाठतात. ‘सैराट’ कन्नडमध्ये ‘मनसु मल्लिगे’ झाला, तेव्हा नायिका रिंकू राजगुरूच होती. प्रेक्षकानं ही रेघ कधीच पुसली आहे.

दिल्लीला किंवा बेंगळुरूला ‘आमच्या भाषेवर अन्याय’ म्हणून निवेदन देणं सोपं आहे. पण इथं निवेदन चालत नाही, अर्ज चालतो. कर्नाटकात बनलेला मराठी सिनेमा भारताकडून जायला नियमाची कसलीही आडकाठी नाही. आपल्या भागातून असा अर्ज जाण्याची वेळ यावी, एवढंच.