फुटबॉलपटू क्लब बदलतो तेव्हा नेमकं काय विकलं जातं?

मे २०२४. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर मुंबई सिटीने मोहन बागानला ३-१ असं हरवलं आणि मुंबईकर कर्णधार राहुल भेकेने आयएसएलचा चषक उंचावला. पुढचा मोसम सुरू होण्याआधीच बातमी आली की भेके बंगळुरू एफसीकडे जातोय. तोच जुना क्लब, ज्याला त्याने २०१९ च्या फायनलमध्ये मुंबईतच एफसी गोवाविरुद्ध गोल करून चॅम्पियन बनवलं होतं.

मग कप जिंकून देणारा कर्णधार सोडताना मुंबई सिटीला किती पैसे मिळाले? ट्रान्सफर फी म्हणून काहीच नाही. असं का, ते समजून घेऊ.

विकला जातो तो करार

आयपीएलमध्ये लिलाव होतो आणि सगळ्यात मोठी बोली लावणारी टीम खेळाडूला नेते. फुटबॉलमध्ये तसं नसतं. खेळाडूचा क्लबशी करार असतो. तो चालू असताना दुसऱ्या क्लबला खेळाडू हवा असेल, तर आधीच्या क्लबला करार सोडण्याची किंमत द्यावी लागते. हीच ट्रान्सफर फी. खेळाडूचा होकारही लागतोच.

करार संपला की खेळाडू मोकळा. भेकेचं हेच झालं. फिफाच्या नियमानुसार करार संपायला सहा महिने उरले की खेळाडू नव्या क्लबशी आधीच करार करू शकतो. म्हणून क्लब शेवटच्या वर्षात एक तर करार वाढवतात, नाहीतर खेळाडू विकतात.

बल्गेरियाचा दिमितार बर्बातोव्ह हे उत्तम उदाहरण. २००८ मध्ये मँचेस्टर युनायटेडने त्याच्यासाठी टॉटनहॅमला ३ कोटी पाउंडांहून जास्त मोजले. २०१७ मध्ये तोच खेळाडू केरळ ब्लास्टर्सकडे आला, तेव्हा तो कोणत्याच क्लबच्या करारात नव्हता. त्यामुळे फीचा प्रश्नच आला नाही.

लोन म्हणजे काय?

मूळ करार कायम ठेवून खेळाडू ठराविक काळासाठी दुसऱ्या क्लबकडे पाठवणं म्हणजे लोन.

करार मध्येच मोडला तर?

अन्वर अली प्रकरण आठवा. दिल्ली एफसीकडून मोहन बागानकडे लोनवर असलेला हा बचावपटू २०२४ मध्ये करार मोडून ईस्ट बंगालकडे गेला. सप्टेंबरमध्ये फुटबॉल महासंघाच्या समितीने त्याच्यावर चार महिन्यांची बंदी घातली. शिवाय त्याने आणि दोन्ही क्लबांनी मिळून मोहन बागानला १२.९० कोटी रुपये द्यावेत, असाही आदेश दिला. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आदेश मागे घेतला गेला आणि सुनावणी नव्याने घ्यायचं ठरलं.

लहान क्लबच्या हाती काय लागतं?

खेळाडू फी देऊन दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेला, तर त्या फीचे ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. १२ ते १५ या वयातल्या प्रत्येक वर्षासाठी ०.२५ टक्के आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी ०.५ टक्के.

समजा, अंबडमधल्या एखाद्या क्लबकडे एक मुलगा १२ ते १५ अशी चार वर्षं खेळला आणि पुढे १ कोटी रुपयांना परदेशात गेला. त्या क्लबचे १ लाख होतात. मैदानाचं भाडं आणि बॉलचा खर्च सांभाळणाऱ्या छोट्या क्लबसाठी ही रक्कम मोठी आहे.

अट एकच, त्या वर्षांत मुलाची त्या क्लबकडे अधिकृत नोंदणी हवी. भारतात ती महासंघाच्या ऑनलाइन यंत्रणेत होते. नोंदणीच नसेल, तर ही वर्षं सिद्ध करणं अवघड जातं.

पालकांनी काय लक्षात ठेवायचं?

फिफाच्या नियमात १८ वर्षांखालच्या खेळाडूचा व्यावसायिक करार तीन वर्षांपेक्षा जास्त धरला जात नाही. मोठ्यांसाठी साधारण मर्यादा पाच वर्षांची आहे. काही मोजके अपवाद सोडले, तर १८ वर्षांखालच्या खेळाडूची परदेशी क्लबकडे ट्रान्सफरही होत नाही.

त्यामुळे कुणी ‘युरोपात ट्रायल लावतो, इथे सही करा’ म्हणालं, तर आधी तीन गोष्टी विचारा. करार कोणत्या क्लबशी आहे? किती वर्षांचा? आणि मध्येच सोडायचा झाला, तर काय भरावं लागेल? उत्तरं कागदावर मिळाली नाहीत, तर सही करू नका.