वारेचा आकार आणि नवजात बालकाचे आरोग्य

वार (अपरा) हा गर्भारपणापुरता तयार होणारा, आई आणि गर्भ यांना जोडणारा अवयव. दिवस भरल्यावर ती जाडसर भाकरीसारखी गोल, २० ते २२ सेंमी. व्यासाची असते, वजन सुमारे ५०० ग्रॅम. प्राणवायू, ग्लुकोज, लोह, प्रतिपिंडे हे सारे गर्भाला तिच्यातूनच मिळते. त्यामुळे बाळाचे जन्मवजन आणि वारेचे वजन सहसा एकमेकांच्या बरोबरीने वाढते.

मात्र वार मोठी म्हणजे बाळ सुदृढ, हा समज चुकीचा आहे. १६-१७व्या आठवड्याच्या सुमारास दोघांचे वजन जवळपास सारखे असते; पुढे गर्भ झपाट्याने वाढतो आणि प्रसूतीच्या वेळी बाळ वारेच्या सहा-सात पट भरते. तीन किलोच्या बाळामागे ७५० ग्रॅमची वार पडली, तर कारण शोधलेच पाहिजे. आईचा मधुमेह, तीव्र रक्तक्षय, सिफिलिस, आई आणि बाळ यांच्या रक्तगटांतील आर-एच विसंगती यांत वार मोठी होते. आर-एच विसंगतीत बाळाच्या अंगावर सूज असेल, तर वारही सुजलेली आणि फिकट दिसते.

लहान वारेमागे बहुधा रक्तपुरवठ्याची उणीव असते. गर्भाशयाच्या रोहिण्या पुरेशा रुंदावल्या नाहीत, की आईचा रक्तदाब वाढतो आणि गर्भाची वाढ खुंटते. असे बाळ प्रसूतीच्या कळांमध्ये लवकर गुदमरते. जन्मानंतर त्याची साखर उतरते, अंग गार पडते.

ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ डेव्हिड बार्कर यांनी १९९०मध्ये इंग्लंडमधील प्रेस्टन येथील जुन्या प्रसूतिनोंदींवरून दाखवले, की जन्मतः लहान पण वार मोठी असलेल्यांचा रक्तदाब प्रौढपणी सर्वांत जास्त होता. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत पुण्यातीलच के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९३पासून गर्भवतींचा अभ्यास केला. गर्भारपणाच्या मध्यावर सोनोग्राफीने मोजलेले वारेचे आकारमान आईच्या गर्भधारणेपूर्वीच्या वजनाशी निगडित निघाले. महाराष्ट्राच्या दृष्टीने हा निष्कर्ष फार मोलाचा आहे: बाळाच्या वजनाची काळजी मुलीला दिवस जाण्याआधी, तिच्या ताटापासून सुरू करावी लागते.

वारेच्या वजनातही फसगत होते. नाळ उशिरा बांधली, तर वारेतले रक्त बाळाकडे जाते आणि वार हलकी भरते. गुठळ्या, पडदे आणि नाळ काढून वजन केले की नाही, यानेही आकडा बदलतो. म्हणून पद्धत न लिहिलेल्या नोंदींची तुलना करता येत नाही.

गर्भारपणात वार तोलता येत नाही. सोनोग्राफीत तिची जाडी दिसते. पण लहान वारही कधीकधी पुरेसे काम करते, त्यामुळे केवळ मापावरून प्रसूती आधी करण्याचा निर्णय घेत नाहीत. बाळाची वाढ आणि नाळेतील रक्तप्रवाहाची डॉपलर तपासणी यांवर डॉक्टर अधिक भरवसा ठेवतात.