हनुका-गीतांचे जॅझ पियानो-युगलवादन

हनुका या ज्यू सणाची गीते एकाच पियानोवर दोघांनी, बहुधा शिक्षक व विद्यार्थी यांनी, जॅझच्या लयीत वाजविण्याचा प्रकार. तो मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आहे.

मॅकाबी बंधूंच्या उठावानंतर इ. स. पू. सु. १६४ मध्ये जेरूसलेमच्या मंदिराचे पुनःसमर्पण झाले. त्याच्या स्मरणार्थ किस्लेव्ह महिन्याच्या २५ तारखेपासून आठ दिवस दीप लावतात. (कोकणातील बेने इस्राएल समाजास हा सण पूर्वी अपरिचित होता, बाहेरील ज्यूंशी संबंध आल्यावर तो त्यांच्यात रुळला.) धार्मिक दृष्ट्या हा सण दुय्यमच; परंतु नाताळाच्या झगमगाटात ज्यू मुलांना परकेपणा वाटू नये, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकेत त्यास महत्त्व आले. मुलांसाठी सोपी गीते हवी होती, ती या गरजेतून. सॅम्युएल गोल्डफार्ब याने स्वरबद्ध केलेले भोवऱ्याचे गीत विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातील आहे. दीप लावल्यानंतर गावयाचे ‘माओझ त्सूर’ हे स्तोत्र मात्र मध्ययुगीन असून त्याची प्रचलित चाल जुन्या जर्मन लोकगीतांतून व ल्यूथरपंथीय भक्तिगीतांतून आली आहे. ‘शुद्ध’ परंपरेचा आग्रह धरणाऱ्यांनी एवढे ध्यानात घेण्यासारखे आहे.

चार हातांच्या वादनास शिकवणीची पार्श्वभूमी जुनीच आहे. मोट्सार्ट बालपणी बहिणीबरोबर असे वादन करी. चार्ल्स बर्नी याने १७७७ मध्ये लंडन येथे या प्रकारच्या रचना प्रसिद्ध केल्या. शूबर्टने १८१८ व १८२४ मध्ये एस्टरहाझी घराण्यातील मुलींना शिकविले व त्यांपैकी कॅरोलीन हिला आपली १८२८ मधील ‘फँटसी’ अर्पण केली. स्ट्राव्हिन्स्कीने १९१७ च्या पाच सुलभ रचनांत वरचा भाग मुलांसाठी मुद्दाम सोपा ठेवला. जॅझमधील युगलवादनाचे ठळक उदाहरण म्हणजे ड्यूक एलिंग्टन व बिली स्ट्रेहॉर्न यांचे ‘टाँक’. यिद्दिश चालींना स्विंगची लय मानवते, हे शोलोम सेकुंडाच्या १९३२ मधील नाट्यगीताने दाखवून दिले. १९३७ मध्ये अँड्र्यूज भगिनींनी ते लोकप्रिय केले. पण सेकुंडा व त्याच्या गीतकाराने त्याचे हक्क त्यापूर्वीच केवळ ३० डॉलरना विकले होते.

प्रत्यक्ष वादनात विद्यार्थी उजव्या बाजूस बसून चाल वाजवितो. डावीकडील शिक्षक मंद्र स्वर, स्वरसंघात व पेडल सांभाळतो. भोवऱ्याच्या गीतास मुळात दोनच स्वरसंघात पुरतात. त्यामुळे खालच्या वादकास नवे स्वरसंघात योजण्यास मोकळीक मिळते. वरची चाल न बदलताही गीताचा रंग पालटतो. खरी अडचण लयीची. स्विंगमध्ये कागदावर समान लिहिलेल्या दोन स्वरांपैकी पहिला लांबतो, दुसरा आखूड होतो. हे प्रमाण गतीनुसार बदलत असल्याने लिपीत नेमके उतरत नाही. विद्यार्थ्याने ते कानाने, शेजारच्या हातांच्या ठेक्यावरूनच उचलावयाचे असते. आणि शिक्षकाने घाई केली, तर तोच प्रथम अडखळतो. म्हणून खालचा भाग कमी स्वरांचा व स्थिर ठेवणे इष्ट. मायनर सप्तकातील ‘हनुका, ओ हनुका’ या नृत्यगीतास द्रुत स्विंग शोभते. ‘माओझ त्सूर’ला ते विसंगत वाटते, त्याची चाल संथच राखून केवळ स्वरसंघात बदलणे अधिक उचित होय.