कपिलेवरचा पूल

म्हैसूरच्या दक्षिणेस सुमारे २३ किलोमीटरवर, कपिला ऊर्फ काबिनी नदीच्या काठी नंजनगूड हे क्षेत्र वसले आहे. कानडीत ‘नंजु’ म्हणजे विष. ते प्राशन करणारा तो नंजुंड, आपला नीलकंठ. भाविक येथे श्रीकंठेश्वराच्या दर्शनास येतात. इतिहासाची आवड असणाऱ्याने मात्र नदीवरच्या जुन्या पुलापाशीही घटकाभर थांबावे.

म्हैसूरचे दळवाई देवराज यांनी हा पूल १७३५ साली बांधविला. दगड, वीट व चुना यांचे हे बांधकाम सुमारे २२५ मीटर लांब आहे. ते झाले पादचारी, घोडी आणि बैलगाड्या यांच्यासाठी. वाफेच्या इंजिनाची पहिली सार्वजनिक आगगाडी इंग्लंडात धावली, ती त्यानंतर ९० वर्षांनी, १८२५ साली! तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोहमार्ग नंजनगूडला पोहोचला, तेव्हा जुना पूल कोणी मोडीत काढला नाही. त्याच पुलावर, रस्त्याच्या शेजारी, मीटरगेजचे रूळ टाकण्यात आले.

नवा विचार म्हणजे जुन्याशी फारकत, असा समज सुधारक आणि सनातनी या दोघांचाही असतो. येथे नावीन्य होते ते जुन्या कमानींची ताकद नव्या नजरेने जोखण्यात. आपल्याकडे नाना शंकरशेट यांची दृष्टी याच जातीची होती. घरचे भवानीशंकराचे देवालय सांभाळणाऱ्या नानांनी आपल्या वाड्यात मुलींच्या शाळेला जागा दिली, आणि १८४५ पासून मुंबईत लोहमार्गाच्या कल्पनेचा पाठपुरावा केला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी निघाली. त्यामागे त्यांचीही खटपट होती.

परमुलखात ५० वर्षे नांदलेल्या आपल्या मंडळापुढेही हाच प्रश्न आहे. गणेशोत्सव, नाटक, वाचनालय हे आपले जुने खांब. दुसऱ्या भाषेत शिकणारी, दुसऱ्या भाषेत स्वप्ने पाहणारी आपली मुले त्यावरून पलीकडे जाऊ शकतील काय? जाता येत नसेल, तर त्यांच्यासाठी वेगळी वाट बांधण्याचे धैर्यही हवे. नंजनगूडने तेही दाखविले आहे. रुंद रुळांची वेळ आली, तेव्हा २००७ च्या सुमारास जुन्या पुलावरची गाडी थांबली आणि शेजारी नवा पूल उभा राहिला. जुन्यावर भार किती घालावा, हे ओळखणे हीदेखील त्याच्याविषयीची कृतज्ञताच होय.