यादींतला गड आणि वेशीवरचा वीरगळ

जुन्या वास्तूंचें रक्षण व्हावें हें सर्वांसच मान्य असतें; तें कोणी करावें हा प्रश्न आला म्हणजे मात्र एकमत राहत नाहीं. सातारा व सांगली या भागाचा इतिहास पाहिला असतां या प्रश्नाचें उत्तर कसें बदलत गेलें, हें चांगलें दिसून येतें.

१८४८ सालीं सातारचें राज्य खालसा होऊन तो मुलूख इंग्रजी अंमलाखालीं आला. म्हणून लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दींत झालेला १९०४ चा प्राचीन स्मारकांचा कायदा तेथें लागू झाला. शेजारचीं सांगली, मिरज, जत, औंध हीं संस्थानें त्याच्या कक्षेबाहेर राहिलीं. तेथील रक्षण संस्थानिकाच्या आवडीवर अवलंबून असे. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधि कलाप्रेमी होते, म्हणून १९३८ सालीं यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभें राहिलें. परंतु राजाच्या रसिकतेवर सगळ्या मुलखाचा वारसा कसा सोंपवावा?

१९४८ सालीं संस्थानें विलीन झालीं आणि ही सीमा पुसली गेली. पुढें १९५८ सालीं केंद्राचा व १९६० सालीं महाराष्ट्राचा कायदा झाला. केंद्राच्या कायद्याप्रमाणें स्मारक किमान १०० वर्षांचें असावें लागतें. सरकार आपला हेतु राजपत्रांत प्रसिद्ध करतें, त्याची प्रत स्थळाजवळ लावतें, आणि हरकतींसाठीं दोन महिने देतें. त्या ऐकून मगच स्मारक संरक्षित ठरतें. २०१० च्या दुरुस्तीनें अशा स्मारकाभोंवतीं १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई झाली, आणि त्यापुढें २०० मीटरपर्यंत परवानगी लागूं लागली.

प्रतापगड राज्याच्या यादींत आहे. जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारसा मानलें, त्यांतहि तो आहे. याचा आनंद आम्हांसहि आहे. परंतु १६५९ च्या अफझलखान-प्रसंगानें ज्याचें नांव घरोघरीं गेलें, त्या गडाचा विसर पडण्याचें भय थोडें. आम्हांस चिंता वाटते ती वेशीवरच्या वीरगळाची. त्याच्या खालच्या पट्टींत लढाई कोरलेली, वर शिवलिंगाची पूजा. वीराचें नांव बहुधा कोठेंच नाहीं. रस्ता रुंद होतांना असा दगड उचलला गेला, तर त्याच्यासाठीं हरकत कोण घेणार?

यादी नाश करणाऱ्यास अडवूं शकते. पण तींत काय घालावें हें तिला कोणी तरी सांगावें लागतें. प्रत्येक गांवच्या शाळेनें अशा दगडांची जागा, माप व छायाचित्र एका वहींत टिपून ठेवावें. मग पुरातत्त्व खात्यापुढें गाऱ्हाणें घेऊन जाणाऱ्या गांवकऱ्याच्या हातीं निदान पुरावा तरी असेल.